कोल्हिणीची चाचणी

प्राण्यांना खाऊ घालणारी माणसं मला आवडत नाहीत. सोळा वर्षं मी नगरपालिकेच्या प्राणी विभागात निरीक्षक आहे. शेकडो दारांत उभी राहून मी नोटिसा दिल्या आणि प्रत्येक दारात मला एकच चेहरा भेटला. मान जराशी कलती, डोळे ओलसर, आणि आवाजात असा गोडवा की जगातली सगळी दया यांनीच घाऊक भावात उचलून आणली आहे. "मुकं जनावर आहे हो," म्हणतात. मुकं आहे म्हणूनच तर यांना परवडतं. उद्या त्या जनावराने तोंड उघडून सांगितलं की बाई, तुमचा पाव शिळा आहे, तर परवापासून दार बंद.

आमचा विभाग म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. एकीत पिंजरे, जाळ्या, जाड हातमोजे आणि फिनेलचा वास, दुसरीत साहेब. नियम साहेबांनीच लिहिलेला. वस्तीत कुठल्याही रानटी प्राण्याला खायला घालायचं नाही, पहिल्यांदा नोटीस, मग दंड. नियम वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते. खायला मिळतं म्हणून प्राणी येतो, येता येता माणसाची भीती विसरतो, आणि एक दिवस कुणाचं तरी बोट त्याच्या तोंडात सापडलं की सगळी वस्ती आमच्या नावाने बोंब मारते.

वाईट आहे ते कलम नऊ. साहेब कुठल्याशा दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले होते, तिथून हे कलम घेऊन आले. ज्या प्राण्याची तक्रार आली तो माणसाळला आहे की नाही हे ठरवायचं, तर निरीक्षकाने सलग तीन दिवस त्याच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या भांड्यात खाणं घेऊन उभं राहायचं आणि हात लांब करायचा. तिन्ही दिवस प्राणी हाताच्या अंतरात आला की तो माणसाळला. मग पिंजरा आणि मग मरणाची सुई. पूर्वी आम्ही असे प्राणी लांबच्या रानात सोडून यायचो, पण आठवडाभरात तेच ध्यान दुसऱ्या वस्तीत दुसऱ्या कुणाच्या पायरीवर बसलेलं सापडायचं. तीनपैकी एक दिवस जरी तो आला नाही, तर तक्रार बंद आणि वर्षभर पुन्हा चाचणी नाही.

म्हणजे खाऊ घालू नका हे सांगण्यासाठी मी तीन दिवस खाऊ घालायचं. हे मी पहिल्याच वर्षी साहेबांच्या कानावर घातलं. "तुम्ही फार विचार करता," ते म्हणाले. हे वाक्य ते इतक्या समाधानाने म्हणाले की स्वतः ही सवय त्यांनी कधीच सोडून दिली असावी.

त्या गुरुवारी टेबलावर जी तक्रार पडली होती तिच्यावर माझ्या ताईचा पत्ता होता.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. भावोजी गेल्यापासून एकटी राहते, वस्तीच्या शेवटच्या गल्लीत, तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागे हातभर अंगण, अंगणापलीकडे पडकं कुंपण आणि कुंपणापलीकडे लगेच टेकडीची झाडी. तक्रारीखाली अकरा सह्या होत्या. पहिली सही मीटिंगकाकांची, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांची. त्यांना इमारतीत सगळे मीटिंगकाका म्हणतात, कारण जिन्यातला दिवा गेला तरी ते आधी बैठक बोलावतात आणि मग दिवा. "तळमजल्यावरील महिला दररोज सायंकाळी साडेपाच वाजता एका कोल्हिणीस अन्न देत असून रहिवाशांच्या जिवास धोका निर्माण झाला आहे," असं त्यांनी लिहिलं होतं. अक्षर सुरेख होतं. ज्यांना दुसरा उद्योग नसतो त्यांचं अक्षर सुरेखच असतं.

मी कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. "ही माझी सख्खी बहीण आहे. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरं कोण आहे?" साहेब म्हणाले. खरंच कोणी नव्हतं. आमच्याकडे पिंजऱ्याची गाडी चालवणारा एक पिंजरेवाला आहे, पण त्याला फॉर्म भरता येत नाही. "आणि नातं आहे तर चांगलंच. त्या तुमचं ऐकतील."

ताईने माझं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी गेले. ओट्यावर तीन उकडलेली अंडी सोलून ठेवलेली, वाटीत दुधात भिजवलेला पाव, आणि शेजारी माझ्यासाठी चहाचं आधण. ताईच्या घरात कुणीही शिरलं की आधी काहीतरी गॅसवर चढतं. "बस, तोंड का असं केलंस?" ती म्हणाली. मी तोंड कसं केलं होतं ते सांगण्याआधीच तिने स्टीलची वाटी उचलली, मागचं दार उघडलं आणि चमचा वाटीवर तीनदा वाजवला.

झाडीतून कोल्हीण आली. डाव्या कानाचा तुकडा गेलेला, अंगावरचे केस जागोजागी विरळ, पण चाल अशी की घर हिच्या नावावर आहे. येऊन पायपुसण्यावर बसली. ताईने अंडं हातावर धरलं, तिने ते इतक्या अलगद उचललं की दाताचा स्पर्शसुद्धा झाला नसेल. मग माझ्याकडे बघितलं. मला ती आवडली, हे मी नाकारत नाही. आवडण्याचा आणि शहाणपणाचा काही संबंध नसतो, एवढंच माझं म्हणणं असतं.

"पाहुणी म्हणते मी तिला," ताई म्हणाली.

"तुझी पाहुणी मरणार आहे," मी म्हटलं, आणि कलम नऊ पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. तुझीच वाटी, तुझाच चमचा, फक्त हात माझा.

ताई खुर्चीवर बसली. दुधाचा हात तिने साडीला पुसला, पुसतच राहिली. "मग काय करू?"

"आजपासून चार दिवस आहेत. आली की ताटं बडव, पाणी फेक, दगड मार. तिला कळू दे की हे दार वाईट आहे. एक दिवस ती आली नाही तरी सुटली."

"मला नाही गं जमायचं."

"तुझी एवढी माया आहे ना तिच्यावर?"

"म्हणूनच नाही जमायचं."

मला संताप आला. हीच ती जात. पुरून उरेल एवढं प्रेम, आणि त्या प्रेमाला हात म्हणून काही नाही. अंडं सोलायला हात आहेत, दगड उचलायला नाहीत.

आमच्या आईचं असंच झालं. शेवटचे आठ महिने आई माझ्याकडे होती. तिची साखर वाढलेली, गोड पूर्ण बंद, मी वजन करून तिला जेवायला द्यायचे. ताई दर रविवारी यायची आणि पर्समधून काहीतरी काढून तिच्या तोंडात कोंबायची. मी एकदा रंगेहाथ पकडलं, तर दोघी शाळेतल्या पोरींसारख्या हसल्या. आई गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले की त्याने काही फरक पडला नसता. मी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही. त्याला अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत ताईचा चहा मी कधी पूर्ण प्यायले नाही.

रविवारी पुन्हा गेले. ताईने काय केलं होतं? मागचं दार बंद करून घेतलं होतं. बस. कोल्हीण काचेबाहेर पायपुसण्यावर बसून आत बघत होती आणि ताई आत बसून रडत होती. दोघींमध्ये एक बोटभर जाडीची काच.

"याने ती आणखी वाट बघायला शिकली," मी म्हटलं. "आणखी काही नाही."

सोमवारी साडेपाचला मी हातमोजे घालून, फॉर्मची पाटी काखेत धरून अंगणात उभी राहिले तेव्हा वरच्या बाल्कन्या भरलेल्या होत्या. जिवास धोका असलेले रहिवासी चहाचे कप घेऊन खाली वाकले होते. मीटिंगकाका तर खुर्ची घेऊन थेट अंगणात, मी आखलेल्या रेषेच्या हातभर अलीकडे. त्यांच्या पायाशी पांढऱ्या गोट्यांचा एक वाफा होता. असे वाफे त्यांनी समितीच्या बैठकीत ठराव करून इमारतीभोवती सगळीकडे घालून घेतले होते. वाफ्यात झाड एकही नव्हतं. ठराव फक्त गोट्यांचा झाला होता.

मी चमचा वाजवला. तीनदा. कोल्हीण आली, माझ्यापासून चार पावलांवर थांबली, दाराच्या काचेकडे बघितलं, तिथे ताई उभी होती, आणि मग पुढे येऊन माझ्या हातातलं उकडलेलं मांस घेऊन गेली. वरून आवाज आला, "अय्या, किती गोड!" मी वर पाहिलं. अकरापैकी चौथी सही.

"घ्या, लिहा," मीटिंगकाका म्हणाले. "आली. मी साक्षीदार आहे."

"साक्षीदाराचा रकाना नाही," मी म्हटलं. त्यांना फार वाईट वाटलं.

मंगळवारी ती आणखी लवकर आली. चार पावलांवर थांबलीसुद्धा नाही. का थांबेल? सोमवारी सरकारी खर्चाने मांस मिळालं होतं, ताईकडे नुसतीच अंडी. पिंजरेवाला गाडीजवळ उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही असंच तीन दिवस खायला घातलंत तर मीपण येईन." आमच्या विभागात अक्कल असलेला तोच एक आहे, आणि त्याला सही करायचा अधिकार नाही.

मी कचेरीत जाऊन साहेबांना शेवटचं सांगून पाहिलं. चाचणीच प्राण्याला शिकवते आहे, याला चाचणी म्हणत नाहीत. साहेबांनी कलमाची प्रत काढली, मोठ्याने वाचली आणि पुन्हा घडी घालून ठेवली. त्यांच्या मते हे उत्तर होतं.

त्याच संध्याकाळी ताई माझ्या घरी आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा रिकाम्या हाताने आली होती. बसली नाही.

"उद्या लिही, आली नाही म्हणून."

"मीटिंगकाका खुर्ची टाकून बसलेले असतात, ताई. वर दहा जण फोन धरून उभे असतात."

"तरी लिही. तू लिहिलंस की कोण काय करणार?"

"बरं, लिहिलं. मग परवा काय? परवा ती येणार, तेरवा येणार, आणि एक दिवस वरच्या एखाद्या शहाण्याला वाटणार की आपणही हातावर धरून बघू. तिने चुकून बोट धरलं तर चाचणीसुद्धा लागत नाही. सरळ सुई."

ताई म्हणाली, "तू मार ना दगड. तुझा हात कुठे थरथरतो?"

हे तिने मला दुखवायला म्हटलं होतं, आणि मला दुखलं. "माझ्या दगडाचा उपयोग नाही," मी म्हटलं. "मी परकी. मी मारला तर ती मला घाबरेल आणि धावत तुझ्या पायपुसण्यावर येऊन बसेल. तिला जो दगड लागायला हवा तो तुझ्याकडूनच यायला हवा."

"तुला बरं वाटेल ना तेव्हा?" ताईचा आवाज चढला. "आईच्या वेळीही तुझंच बरोबर होतं. सगळं मोजून मापून. आई तुझ्याकडे बघून औषध घ्यायची गं. माझ्याकडे बघून हसायची."

ते खरं होतं. ती जिन्याने उतरून गेली आणि मी दार लावून तशीच उभी राहिले. त्या रात्री मला ताईचा जितका राग आला तितका कधी आला नव्हता, आणि तिच्यासारखं व्हावंसं जितकं वाटलं तितकंही कधी वाटलं नव्हतं.

बुधवारी गर्दी दुप्पट. शेजारच्या इमारतीतलेही आले होते. पिंजरेवाल्याने नियमाप्रमाणे पिंजरा उतरवून कुंपणाला लावून ठेवला होता, आणि त्याच्याशेजारी दोन जण फोटो काढून घेत होते. मीटिंगकाकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी रेषेवर उभी राहिले. काचेमागे ताई दिसत नव्हती. बरं झालं, मी मनाशी म्हटलं, निदान बघणार तरी नाही.

चमचा वाजवला. पहिल्याच ठोक्याला झाडी हलली. कोल्हीण कुंपणातून आत आली, पिंजऱ्याला वळसा घातला आणि सरळ माझ्याकडे निघाली. दहा पावलं राहिली, आठ राहिली.

तेवढ्यात इमारतीच्या बाजूने ताई आली. पायात घरातल्या सपाता, केस विस्कटलेले. ती सरळ मीटिंगकाकांच्या वाफ्याशी गेली, वाकली आणि मूठभर गोटे उचलले.

"अहो, ते समितीचे दगड आहेत!" मीटिंगकाका खुर्चीतून उठले.

कोल्हिणीने ताईला पाहिलं आणि माझा नाद सोडला. ती ताईकडे वळली, शेपूट खाली, कान मागे, लाडात आली की करायची तशी. ताईने पहिला गोटा फेकला. तो भलतीकडेच पडला. कोल्हीण त्या गोट्यापाशी गेली, तिने तो हुंगला आणि पुन्हा ताईकडे बघितलं. तिला वाटलं खायलाच टाकलं आहे.

नियमात लिहिलं आहे की चाचणीत कुणी अडथळा आणला तर निरीक्षकाने त्याला तात्काळ बाजूला करावं. मी जागची हलले नाही.

दुसरा गोटा मागच्या मांडीवर बसला. आवाज झाला. कोल्हीण किंचाळली, उडी मारून मागे झाली, पण पळाली नाही. चार पावलांवर उभी राहून ताईकडे बघत राहिली. ती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, मला स्पष्ट दिसत होतं.

"चल! चालती हो!" ताई ओरडली. इतक्या वर्षांत मी ताईला ओरडताना ऐकलं नव्हतं. "परत आलीस तर बघ! हाड! हाड म्हटलं ना!" आणि तिने उरलेले सगळे गोटे एकदम फेकले आणि त्यांच्यामागोमाग स्वतः धावून गेली, सपाता मागे टाकून. तेव्हा कोल्हीण वळली. एक पाय उचलून धरत कुंपणातून गेली आणि झाडीत दिसेनाशी झाली.

मी आणखी वीस मिनिटं चमचा वाजवला, कारण तेही नियमात आहे. ती आली नाही. मी फॉर्मवर लिहिलं, "तिसरा दिवस: प्राणी आला नाही. तक्रार बंद." पिंजरेवाल्याने पिंजरा उचलला. ताई अनवाणी आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

आणि वर काय चाललं होतं? "अगं बाई, काय हा निर्दयपणा!" "मुक्या जनावराला दगड?" "सगळं फोनमध्ये आलंय माझ्या." चौथ्या सहीचे तर डोळे पाणावले होते. चाचणीआधी खाली येऊन त्याच जनावराच्या पिंजऱ्याशेजारी उभं राहून तिने दात दाखवत फोटो काढला होता. थुंकावंसं वाटलं, पण अंगण ताईचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर तक्रार. प्राण्यास क्रूर वागणूक, कलम चौदा. तेच सुरेख अक्षर, त्याच अकरा सह्या, त्याच क्रमाने. कोल्हीण मरावी म्हणून ज्यांनी सह्या केल्या त्यांनीच तिला गोटा लागला म्हणून केल्या होत्या, आणि यात काही विचित्र आहे असं अकरातल्या एकालाही वाटलं नव्हतं. शेवटी आणखी एक ओळ होती: समितीचे सात गोटे गहाळ. साहेबांनी ती ओळ अधोरेखित केली होती.

"जबाब घेऊन या," साहेब म्हणाले. "व्हिडिओ फार फिरतोय. काहीतरी करावंच लागेल."

मी गेले. मीटिंगकाका माझ्या मागोमाग ताईच्या दारापर्यंत आले. "मी फक्त ऐकायला," म्हणाले. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. फार दिवसांनी एखाद्या कामात समाधान मिळालं.

ताई स्वयंपाकघरात बसली होती. ओटा कोरडा, गॅसवर काही नाही. मागच्या दाराला तिने आतून जुनी चादर लावली होती. मी समोर बसले, फॉर्म काढला आणि पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं.

"विचार ना," ती म्हणाली.

"प्राण्यावर दगड मारले का?"

"मारले." मग खालच्या आवाजात, "लागला का गं तिला?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. पण ताईला मी काहीही म्हटलं असेन, मूर्ख कधी समजले नव्हते. "लागला. मागच्या पायाला."

"जोरात?"

"हो. म्हणून तर गेली."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मला उठून तिच्याजवळ जायचं होतं, पण मला ते येत नाही. मी फॉर्मवर बोट ठेवलं.

"कारणाचा रकाना आहे, ताई. काहीतरी लिहावं लागतं. अंगावर आली म्हण, घाबरलीस म्हण. मी लिहिते, प्रकरण इथेच मिटेल."

"अंगावर नाही आली ती कधी."

"मग काय लिहू?"

ताईने चादर लावलेल्या दाराकडे पाहिलं. "लिही," ती म्हणाली. "मी बोलावलं की यायची."

मी तसंच लिहिलं आणि सही कुठे करायची ते तिला दाखवलं.